आजोबा, आता दिसतंय का?

पत्र थोडक्यात असं: तालुक्याच्या गावातल्या एका 'ब' वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल असलेल्या एका बाईंनी हे लिहिलंय. वय ३९. ग्रंथालयात वाचकांसाठी चार संगणक आहेत, साडेअठरा इंची जुन्या पडद्यांचे, १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचे. सकाळी येणारे बहुतेक सभासद निवृत्त. कुणी वर्तमानपत्र वाचतं, कुणी पेन्शनचं काम करतं, कुणी नातवाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरतं. "अक्षरं फार बारीक आहेत हो" ही रोजची तक्रार. बाई रोज उठून प्रत्येकाला अक्षरं मोठी करून देतात, दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. "दहा वेळा सांगितलं तरी यांच्या लक्षात राहत नाही," असं त्या लिहितात. भिंतीवर सूचनांचा कागद लावला, तो कुणी वाचत नाही. संगणक दुरुस्तीला येणाऱ्या मुलानं पडद्याचं रिझोल्यूशन कमी करून दिलं, तर सगळंच पसरट आणि धूसर दिसायला लागलं. संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची मुलं येतात, ती वेगळी कुरकुरतात. मध्यंतरी एका सभासदाचं ईमेल उघडं राहून वाद झाला, तेव्हापासून चारही संगणकांवर क्रोम (संकेतस्थळं बघायचा ब्राउझर) गेस्ट मोडमध्येच, म्हणजे पाहुणा म्हणून, उघडतात. कार्यकारी मंडळ म्हणतंय मोठे मॉनिटर घेऊ. एका सदस्याचं म्हणणं, एका संगणकावर 'फक्त ज्येष्ठांसाठी' अशी पाटी लावू. बाईंचा प्रश्न असा: "शिकवत राहू, की रोज मीच करून देत राहू? माझा स्वभाव तुसडा व्हायला लागलाय." आणि शेवटी, जाता जाता, दोन ओळी: एक निवृत्त मुख्याध्यापक महिनाभर आलेले नाहीत. त्यांची अक्षरं मोठी करून दिल्यावर बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "आजोबा, आता दिसतंय का?" ते म्हणाले, "मी काय बालवाडीत आहे का?" आणि उठून गेले. ग्रंथालयाचं एक पुस्तकही त्यांच्याकडेच राहिलंय.

ताई,

आधी एका आरोपातून तुमच्या सभासदांची सुटका करू. ते विसरतात असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, विसरतोय तो तुमचा संगणक.

क्रोममध्ये कुणी एखाद्या संकेतस्थळावर अक्षरं मोठी केली की क्रोम ते त्या संकेतस्थळापुरतं लक्षात ठेवतो. म्हणजे एका वर्तमानपत्राचं पान १५० टक्के केलं, तर ते वर्तमानपत्र पुढच्या वेळीही १५० टक्क्यांनीच उघडतं. दुसरं वर्तमानपत्र मात्र १०० वरच राहतं. ही झाली नेहमीच्या प्रोफाइलची गोष्ट. गेस्ट मोडचं काम नेमकं उलटं. खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसून टाकायचं: पाहिलेली पानं, लॉगिन आणि त्याबरोबर अक्षरांचा आकारही. ईमेलच्या भांडणावर तुम्ही काढलेला उपाय चुकीचा नव्हता. पण त्या दिवसापासून तुमच्या सभासदांनी काल काय केलं होतं ते आज कुठेच शिल्लक राहत नाही. त्यात संगणक चार. काल खिडकीजवळचा, आज दाराजवळचा. जी गोष्ट रोज पुसली जाते ती रोज नव्याने सांगावी लागणार, आणि सांगणाऱ्याला वाटत राहणार की समोरच्याच्या डोक्यात काही शिरत नाही.

हे तुमच्या लक्षात आलं नाही यात तुमचा दोष नाही. ही माहिती ब्राउझर कुठे ठळकपणे सांगत नाही.

मग करायचं काय? गेस्ट मोड राहू द्या. अक्षरांचा आकार ब्राउझरच्या हातून काढून विंडोजच्या हातात द्या. त्याआधी त्या मुलानं केलेलं निस्तरावं लागेल. डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी माउसचं उजवं बटण दाबून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडा आणि रिझोल्यूशन पुन्हा तिथे 'रेकमेंडेड' लिहिलेलं असतं त्यावर आणा. पडद्यावर जितके ठिपके प्रत्यक्षात बसवलेले असतात तितकेच वापरले तर अक्षर रेखीव दिसतं. कमी वापरले की ठिपक्यांची ओढाताण होते आणि अक्षराच्या कडा विस्कटतात. बारीक अक्षरावर अस्पष्ट अक्षर हा उपाय नाही. त्याच पानावर 'स्केल' नावाची निवड आहे (जुन्या विंडोजमध्ये तिचं नाव लांबलचक आहे, 'टेक्स्ट, ॲप्स आणि इतर गोष्टींचा आकार बदला' अशा अर्थाचं). ती १२५ टक्के करा. एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा. आता क्रोम गेस्ट मोडमध्ये उघडा किंवा कसाही, सगळं सव्वापट दिसेल, आणि रोज सकाळी तसंच दिसेल.

संध्याकाळच्या मुलांची कुरकुर होईल. होऊ दे. आजवर ज्यांची नजर अधू त्यांनी दर वेळी उठून तुमच्याकडे यायचं आणि ज्यांची नजर तल्लख त्यांना सगळं आयतं, असा व्यवहार होता. तो उलटा करा. विशीतल्या मुलाला अक्षर लहान करायला एक सेकंद लागतो. कंट्रोल आणि वजा, बस्स.

*

आता शिकवण्याविषयी. तुमच्या पत्रात शिकवण्याचा क्रम आहे: कंट्रोल धरा, अधिकची कळ दाबा, अक्षरं मोठी होतात. बरोबर आहे. फक्त मी सुरुवात दुसरीकडून करेन. पहिल्या दिवशी फक्त कंट्रोल आणि शून्य शिकवा.

कंट्रोल-शून्य म्हणजे पान होतं तसं. बिघडलेलं सगळं जागेवर. आपल्याकडच्या वयस्क माणसाला संगणकाची भीती कसली असते? न येण्याची नसते. आपल्या हातून काहीतरी होईल आणि ते परत नीट करता येणार नाही, मग कुणाला तरी बोलवावं लागेल, आणि येणारा जरा हसेल, ही भीती असते. तुम्ही त्यांना आधी जिना चढायला शिकवताय. कठडा कुठे आहे ते आधी दाखवा. तुम्ही स्वतः मुद्दाम पान ३०० टक्के करा, एका पानात तीन शब्द उरतील इतकं. मग त्यांना सांगा, आणा आता परत. त्यांनी स्वतःच्या बोटानं कंट्रोल-शून्य दाबून ते परत आणलं की पुढचं अर्धं काम झालं. क्रोम जास्तीत जास्त ५०० टक्क्यांपर्यंत जातो, कमीत कमी २५ पर्यंत. त्यापलीकडे कुणी काही बिघडवूच शकत नाही, हेही सांगा.

बोट त्यांचंच हवं. ही एक अट पाळा. तुम्ही उभं राहून माउस हातात घेतलात की तो धडा तुमचा झाला.

भिंतीवरचा कागद काढून टाका. कागद वाचायला मान वर, कळ शोधायला मान खाली, त्यात दोन्हींसाठी चष्म्याचा वेगळा भाग. त्याऐवजी टिकल्यांचं एक पाकीट आणा, दहा रुपयांचं. कंट्रोलवर काळी, अधिकच्या कळीवर लाल, वजाच्या कळीवर हिरवी, शून्यावर पिवळी. कळफलकाच्या उजवीकडे नंबरांची जी वेगळी चौकट असते तिच्यातली अधिक आणि वजा घ्या, त्या एकट्या असतात आणि शिफ्टचा घोळ होत नाही. शून्य मात्र वरच्या रांगेतलं घ्या, कारण उजवीकडच्या चौकटीत नंबरलॉक बंद असेल तर शून्याची कळ शून्य राहतच नाही. "काळी धरून लाल" एवढं वाक्य कुणालाही लक्षात राहतं. टिकली निघाली तर नवी लावा.

एक जुना चकवाही त्यांना दाखवून ठेवा. पान आपोआप अवाढव्य होतं किंवा मुंगीएवढं होतं आणि सभासद म्हणतो, "मी काहीच केलं नाही." त्याचं खरं असतं. कंट्रोलवर नकळत तळहात टेकलेला असतो आणि माउसचं चाक फिरतं. त्या जोडीनं आकार बदलतो. पिवळी टिकली दाबायची.

*

आता ते प्रश्न, ज्यांची उत्तरं तुम्हाला सभासदांसमोर द्यावी लागतात.

"इथे मोठं होतं, तिथे का नाही होत?" क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'अपिअरन्स'खाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक 'फाँट साइझ', दुसरी 'पेज झूम'. पहिली फक्त अक्षरांना सांगते, जरा मोठी व्हा. पण पान बनवणाऱ्यानं अक्षराचं माप ठिपक्यांमध्ये पक्कं ठोकून ठेवलं असेल तर ते अक्षर जागचं हलत नाही. दुसरी अख्खं पान फुगवते, चित्रांसकट, त्यामुळे तिला सहसा कुणी नाही म्हणत नाही. ज्यांनी सायबर कॅफेचे दिवस पाहिलेत त्यांना आठवत असेल, इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीत अक्षरांच्या आकाराच्या पाच पायऱ्या होत्या आणि निम्म्या संकेतस्थळांवर त्या पायऱ्या चढून काहीच व्हायचं नाही. कारण हेच. २००६ साली सातव्या आवृत्तीत अख्खं पान मोठं करायची सोय आली, दोन वर्षांनी फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरमध्येही. तेव्हा तुम्ही झूमच शिकवा, फाँट साइझच्या वाटेला जाऊ नका.

"मोठं केलं की पान मोडतं." मोडत नाही, ताई, आकार बदलतं. १३६६ ठिपक्यांच्या पडद्यावर २०० टक्के केलं की संकेतस्थळाला वाटतं की पडदा ६८३ ठिपके रुंद आहे, म्हणजे टॅबलेटएवढा. मग ते आपला मोबाइलचा वेश घालतं. वरची यादी नाहीशी होते आणि कोपऱ्यात तीन आडव्या रेघा येतात. सभासदाला वाटतं यादी गेली. त्या तीन रेघांच्या पोटात ती आहे, एवढं एकदा दाखवलं की पुरतं.

"सरकारी पानावर अ, अ, अ अशी तीन बटणं असतात, इथे का नाहीत?" भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली, तेव्हापासून ती बटणं सगळीकडे दिसायला लागली. दिसायला छान आहेत. पण ती त्या एका संकेतस्थळापुरती. मुखपृष्ठावर मोठा अ दाबून सभासद खूश होतो, मग अर्जाचं पान दुसऱ्याच संकेतस्थळावर उघडतं आणि अक्षरं पुन्हा मुंग्या. मला स्वतःला त्या बटणांविषयी फार प्रेम नाही. ती माणसाला शिकवतात की अक्षरं मोठी होणं ही संकेतस्थळानं दिलेली सवलत आहे. ते खरं नाही. ते ब्राउझरचं काम आहे, म्हणजे तुमच्या बोटाचं.

आणि हे तर मुद्दाम सांगा: जगभर मानल्या जाणाऱ्या वेब सुगम्यतेच्या, म्हणजे संकेतस्थळ सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या, निकषांच्या २००८ सालच्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी केली तरी पानावरचं काही दिसेनासं होता कामा नये आणि काही चालेनासं होता कामा नये. म्हणजे दुप्पट केल्यावर अर्जातलं 'सबमिट'चं बटण पडद्याबाहेर जाऊन बसत असेल तर चूक पान बनवणाऱ्याची आहे, सत्तरीच्या सभासदाची नाही. सरकारी संकेतस्थळावर तळाशी बहुधा 'अभिप्राय' असतो. तुम्ही ग्रंथपाल म्हणून तिथे तीन ओळी लिहिल्यात तर त्याला वजन आहे. कुठलं पान, किती टक्के, काय दिसेनासं झालं. बस.

चित्राला मात्र इलाज नाही. ई-पेपर आणि स्कॅन केलेले शासन निर्णय म्हणजे अक्षरांचे फोटो. ते मोठे केले की धूसर होतात, अक्षर रेखीव व्हायचं कारणच नसतं. ई-पेपर वाचणाऱ्याला त्याच वर्तमानपत्राचं साधं बातम्यांचं पान दाखवा. तिथे जाहिरातींनी जीव नकोसा झाला तर विंडोजबरोबर आलेला एज ब्राउझर उघडून एफ-नाईन दाबून बघा. बहुतेक बातम्या जाहिरातींशिवाय, नुसत्या मजकुराच्या रूपात समोर येतात आणि अक्षर हवं तेवढं वाढवता येतं. फायरफॉक्समध्येही हीच कळ.

मराठीची एक वेगळी अडचण आहे आणि ती संध्याकाळच्या मुलांना कळणार नाही, कारण ती इंग्रजी जास्त वाचतात. इंग्रजी अक्षराला जेवढी उंची मिळते तेवढ्याच उंचीत मराठीला वर रफार, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार बसवायचे असतात. मग मूळ अक्षराच्या वाट्याला जागा कमी येते. त्यामुळे त्याच मापाचं इंग्रजी वाचता येतं आणि मराठी येत नाही, असं खरोखर होतं. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांच्यातला फरक केसाएवढ्या फटीचा. कादंबरी वाचताना हे अंदाजानं निभतं. अर्जावर घोंगडे या आडनावाचं धोंगडे झालं की मग चार महिने हेलपाटे. ज्यांच्या घरी स्वतःचा संगणक आहे त्यांना फायरफॉक्समधली एक सोय सांगा: सेटिंग्जमध्ये 'फाँट्स'च्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये लिपी निवडता येते, तिथे देवनागरी निवडून किमान आकार ठरवून टाकायचा. मराठी म्हणून नोंदवलेल्या पानांवर त्याहून बारीक अक्षर मग येत नाही, आणि इंग्रजी पानं आहेत तशीच राहतात.

फोनचं थोडक्यात. ॲन्ड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखाली अक्षरांचा आकार असतो, तो आधी वाढवा. क्रोमच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' आहे, तिथे झूमची घसरपट्टी आहे. काही पानं दोन बोटांनी मोठी होऊच देत नाहीत, त्यांच्यासाठी तिथेच 'फोर्स एनेबल झूम' आहे, ते चालू करून टाका. व्हॉट्सॲपचं वेगळं असतं, त्याच्या 'चॅट्स'मध्ये. आयफोनवाल्यांना त्यांची मुलं सांगतील.

*

मॉनिटरच्या बैठकीला जायच्या आधी एक गणित जवळ ठेवा. तुमचे आजचे साडेअठरा इंची पडदे, १३६६ बाय ७६८. एका इंचात साधारण ८५ ठिपके. मंडळ ज्या साडेएकवीस इंची पडद्याचं कोटेशन आणेल तो बहुधा १९२० बाय १०८० असेल, म्हणजे इंचात १०२ ठिपके. ब्राउझरचं नेहमीचं अक्षर १६ ठिपक्यांचं धरलेलं असतं. आज ते १६ ठिपके ४.८ मिलिमीटर जागा घेतात. नव्या मोठ्या पडद्यावर घेतील ४ मिलिमीटर. म्हणजे पैसे खर्च करून अक्षर आणखी लहान. नवा पडदा घेऊ नका असं मी म्हणत नाही. त्यात एका वेळी जास्त मजकूर मावतो, आणि स्केल १५० केलं तर जागाही पुरते. पण मोठा पडदा म्हणजे मोठं अक्षर, हे समीकरण चुकीचं आहे. अनुदानाच्या पैशांतून ते सिद्ध करायची गरज नाही. त्या पैशांतला थोडा भाग खिडकीच्या पडद्यांना द्या. काचेवर उजेड पडत असेल तर २०० टक्केही कमीच.

'फक्त ज्येष्ठांसाठी' पाटी मात्र लावू नका. कृपा करून. त्या खुर्चीत मराठी माणूस बसणार नाही. तो शेजारच्या खुर्चीत बसून डोळे बारीक करून वाचेल.

मला हे माहीत आहे कारण मी तेच केलंय. त्रेचाळिसाव्या वर्षी कचेरीत माझी अक्षरं १२५ टक्क्यांवर गेली. त्याचं मला एवढं वाटायचं की कुणी टेबलाशी आलं की मी पटकन कंट्रोल-शून्य दाबायचे. आणि मग समोरचा म्हणायचा, "जरा हा आकडा वाच ना," आणि मला तो आकडा दिसायचा नाही. चष्मा पर्समध्ये होता. दोन वर्षं तो पर्समध्येच राहिला. आपल्या भाषेत त्या चष्म्याला चाळीशीच म्हणतात, म्हणजे नाव घेतलं की वय आलंच. डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळचं नीट दिसत नाही, एवढीच गोष्ट. ती सगळ्यांची होते. तरी ती लपवायची असते.

गंमत म्हणजे यातलं काहीच पोथीच्या बाबतीत होत नाही. देवळाबाहेरच्या दुकानात माणूस मोकळ्या आवाजात विचारतो, "मोठ्या टाईपातली आहे का?" त्यात कमीपणा नाही. उलट पारायणाला बसायचं तर मोठाच टाईप हवा, असं दुकानदारच सांगतो. म्हणजे मोठ्या अक्षराची लाज नाहीच. दुसऱ्यानं ते आपल्यासाठी, आपल्याला न विचारता, चार लोकांसमोर मोठं केलं, याची आहे. तुम्ही सभासदांशी बोलताना "दिसत नाही का?" हे वाक्य सोडून द्या. "टाईप कितीचा ठेवू?" असं विचारून बघा.

एक सावधगिरी. १५० आणि १७५ वर वाचणाऱ्याला कुणी हटकू नये. पण जो काल १५० वर वाचत होता त्याला आज २०० पुरत नसेल, किंवा सरळ ओळ मधेच वाकडी दिसते म्हणत असेल, किंवा धुकं आल्यासारखं म्हणत असेल, तर त्याची अक्षरं आणखी मोठी करून देऊ नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा. मोतीबिंदू झूमनं लपतो, बरा होत नाही. आणि ज्यांचा चष्मा दुहेरी आहे त्यांची मान बघा. वाचायचा नंबर हातातल्या पुस्तकाच्या अंतराचा असतो, ३५-४० सेंटिमीटरचा. पडदा असतो ५५-६५ वर. मग खालच्या भागातून बघायला ते हनुवटी वर करतात, आणि तासाभरानं मान धरते. त्यांना टेपनं डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजून एका चिठ्ठीवर लिहून द्या. चष्मेवाल्याला ती दाखवली की तो काय करायचं ते जाणतो.

*

तुमचा प्रश्न होता, शिकवू की करून देऊ. मला वाटतं संगणकाचं काम तुम्ही एकदा करून टाका, वर लिहिलंय तसं, एका दुपारीत होईल. मग रोज उठून करून देण्यासारखं फारसं उरणार नाही आणि शिकवण्यासारखं दहा मिनिटांचं उरेल. तुसडेपणाही त्यातून बराचसा ओसरेल. एकच गोष्ट दिवसातून वीसदा केली की कुणीही तुसडं होतं.

राहिले सर. मी त्यांना सर म्हणतेय, कारण तुमचं गावही त्यांना तेच म्हणत असणार. तुम्ही त्यांना आजोबा म्हणालात. मनात काही वाईट नव्हतं, मला ठाऊक आहे. पण ज्या माणसानं आयुष्यभर फळ्यावर मागच्या बाकालाही दिसेल एवढं मोठं अक्षर काढलं, त्याला भरल्या वाचनालयात "आजोबा, आता दिसतंय का?" ऐकायला लागलं. आणि विचारणारी त्यांच्या मुलीच्या वयाची. तुम्ही त्या दोन ओळी पत्राच्या अगदी शेवटी घातल्यात. मला वाटलं, पत्र त्याच ओळींसाठी लिहिलं होतं.

माफी मागायला घरी जाऊ नका. तेही त्यांना चार लोकांसमोर झाल्यासारखं वाटेल, घरचे असतात. त्यांना कामासाठी बोलवा, आणि काम खरं असू द्या. सकाळच्या सभासदांना दहा मिनिटं शिकवायचंय, आठवड्यातून एकदा, आणि तुम्हाला शिकवायची सवय नाही, त्यांना आहे. आधी तुम्ही दोघं बसा, वाचनालय बंद झाल्यावर. टिकल्या लावलेल्या असू द्या. कंट्रोल-शून्य त्यांनाच पहिल्यांदा दाबू द्या. त्यांना काय योग्य वाटतं, आधी मोठं करायला शिकवावं की आधी परत आणायला, हे त्यांना विचारा. ते माझ्याशी असहमत झाले तर त्यांचं ऐका, बाकापुढे चाळीस वर्षं उभा राहिलेला माणूस आहे.

निरोप पाठवताना त्या पुस्तकाचा विषय काढू नका. मुदत केव्हाच उलटून गेली असेल. दंड लावू नका.